उन्हात वाळवलेले ब्लॉक

इराकहून परतलो तेव्हा आसगावात मी मिस्त्री म्हणून उतरलो. खरं तर तिथला सगळा काळ मी मजुरांच्या भटारखान्यात भांडी घासण्यात घालवला. पलीकडच्या आवारात सिमेंटचे पोकळ ब्लॉक पाडायचे. ते कामही तिथलं नव्हतंच. युरोपातून आलेल्या लोकांनी आणलेलं. भांडी घासता घासता जेवढं दिसलं, तेवढंच माझं शिक्षण. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

मोठा भाऊ वारलेला. वहिनीच्या मातीच्या घराची मागची भिंत दर पावसाळ्यात ढासळायची. मी म्हटलं, "वयनी, पाडा ही. इराकसारखी भिंत बांधून देतो."

"पाडू म्हणता? पाहा बरं भाऊजी, पाण्याच्या आधी उभी झाली पायजे. नाई तं मले गोठ्यात राहाव लागन."

"मिस्त्री कोन हाय, तुमी का मी?"

"तुमीच बापा," ती हसली.

सुताराकडून लाकडी साचा करून घेतला, वैनगंगेची वाळू आणली. ब्लॉक मी पाडायचो, सांभाळायची ती. मातीच्या भिंतीचा आमच्याकडचा नियम एकच: पाणी लागू द्यायचं नाही, कडक सुकू द्यायचं. तिनं तेच केलं. भर उन्हात ओळीनं ब्लॉक मांडले. अवकाळी शिंतोडा आला की धावत जाऊन ताडपत्री घालायची. घागर घेऊन जवळून जाणाऱ्या पोरींवर ओरडायची. मी बाजेवर बसून पाहायचो. सिमेंट ओलं ठेवावं लागतं हे मला माहीतच नव्हतं.

भिंत उभी झाली. छपराचे लाकडी फाटे तिच्यावर टेकवले आणि कोपऱ्यातले ब्लॉक भुरभुरू लागले. एका दुपारी भिंत छपरासकट खाली बसली. वहिनी बाहेर होती म्हणून वाचली.

लोक जमले. "काहो इराकवाले, तिकडच्या भिंती अशाच बसते का?" शेजारच्या काकांनी विचारलं.

माझी नजर न्हाणीकडे गेली. साच्यातून वाकडे निघालेले दोन ब्लॉक वहिनीनं तिथं टाकले होते. रोजच्या सांडपाण्यात ते भिजत होते. मी लाथ मारून पाहिली. अंगठा फुटला, ब्लॉक नाही. त्या क्षणी मला कळलं, आणि त्याच क्षणी तोंडातून निघालं, "वयनी, ब्लॉकावर पाणी काहून नाई मारलं? मी सांगतलो होतो ना?"

सांगितलं नव्हतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. आठवत असावी. मग लोकांना म्हणाली, "माह्यंच चुकलं. आमी मातीचे लोक, उन्हात वाळवत बसलो. भाऊजीचं काई नाई."

तो पावसाळा तिनं गोठ्यात काढला. मी मात्र पुढं पवनीपर्यंत ब्लॉकची घरं बांधत फिरलो. पाणी मारा म्हणून प्रत्येकाला आधीच बजावायचो. पहिली कामं मिळाली तीही तिच्यामुळे. चौकशीला आलेल्याला ती सांगायची, "माल चांगला हाय त्याईचा. मीच बिघडवला."

तिनं भिंत पुन्हा मातीचीच घातली. मी ब्लॉकची बांधून देतो म्हटलं, तर घाबरली. "नोको भाऊजी, मले नाई जमत ते."

मी आग्रह केला नाही. आग्रह करायचा तर आधी खरं सांगावं लागलं असतं.