धुतलेली राख घेऊन बुलडाण्याला

मनीषाचा फोन आला, "आत्या, पऱ्हाटीची राख पाहिजे. दोन किलो. परवा दहाच्या आत घेऊन ये." पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेलं कपाशीचं झाड. मी म्हटलं, बुलडाण्यासारख्या गावात राख मिळत नाही काय. तर म्हणे इथं सगळ्यांकडे गॅस.

मनीषा माझ्या डोणगावच्या भावाची मुलगी. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, रसायनाचा प्रकल्प. आधीची राख संपलेली, आणि बाहेरगावचे परीक्षक समोर बसून प्रयोग पाहणार. जमला तर पास, नाही तर आणखी एक वर्ष. भाऊ एक वर्ष थांबणारा नाही. कपाशी बोंडअळीनं खाल्ल्यापासून त्याला कशाचाच धीर राहिला नाही, येत्या रविवारी पोरीला पाहायला पाहुणेसुद्धा बोलावून ठेवले होते. म्हणूनच तिनं बापाला राख मागितली नाही. तो म्हणाला असता, राखच चाळायची तर घरी ये.

राख माझ्याकडे ढीगभर. अळी न लागणारी बीटी कपाशी आली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आता फवाऱ्याचा पंप माळ्यावर टाका. टाकला. मग अळी बीटीलाच चटावली आणि पंप खाली काढला. आता म्हणतात, हंगाम आटोपला की पऱ्हाट्या उपटा, अळी राहू देऊ नका. उपटलेलं सगळं माझ्या चुलीत जातं. त्यामुळे यंदा घरात कापूस कमी आणि राख जास्त.

पण कॉलेजात चुलीतली राख तशीच न्यायची कशी? दात घासायची राखुंडीही आम्ही कापडातून गाळतो, ही तर शिकलेल्या माणसांसमोर जाणार. मी ती तीन पाण्यांनी धुतली. पहिलं पाणी पिवळट निघालं, हाताला साबणासारखं बुळबुळीत. ते मोरीत ओतलं. तिसरं पाणी निवळ आलं तेव्हा माझं समाधान झालं. मग टिनावर वाळवून जुन्या धोतरातून चाळली. मैदा झाली नुसती.

नवरा म्हणाला, "राखेले तीन पाणी. मले कधी एक बादली काढून देली का?"

"तुम्ही परीक्षेले बसले का?" मी म्हटलं.

आमच्या जानेफळहून जाणाऱ्यांनी थेट गाडीच्या नादी लागू नये. मेहकर गाठा, तिथून चिखलीमार्गे बुलडाण्याची गाडी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे, पण सुटे ठेवा, नाही तर कंडक्टरचं तोंड बुलडाण्यापर्यंत वाकडं राहतं. पाण्याची बाटली घ्या, उन्हाळ्यात खिडकीतून वारा नाही, वाफ येते. दोन्ही बाजूंची शेतं भादरल्यासारखी आणि बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग, एवढंच पाहायला आहे.

माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहून कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाये त्याच्यात?"

"राख."

त्यानं आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"कोणी नाई गेलं. चुलीची हाये."

"मंग खाली ठेवा ना. मी तुमच्यासाठी दोघांले उठवाले निघालो होतो."

चिखलीला गाडी थोडी थांबते. स्टँडबाहेरचे पोहे खा आणि वरून रश्श्याची तर्री मागून घ्या, मागितल्याशिवाय वाढत नाहीत.

साडेनऊला मनीषा बुलडाण्याच्या स्टँडवर उभीच होती. प्रयोगशाळेत मला स्टुलावर बसवलं आणि कामाला लागली. म्हणाली, दोन रसायनं एकमेकांत मिसळली तरी लवकर एक होत नाहीत. त्यांना जुळवून देणारा तिसरा लागतो. तो जुळवून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो.

"आपल्याकडचा मध्यस्थ तसा राहत नाई," मी म्हटलं. "दोन्हीकडून टोपी-दुपट्टा घेऊन जातो."

"म्हणून तर राख चांगली, आत्या. काही मागत नाई." एरवी या कामाला उग्र वासाची औषधं लागतात आणि शेवटी ती नाल्यात जातात. हिचं काम राख कालवून गाळलेल्या नुसत्या पाण्यात होतं. फवारणीच्या वासानं माझं डोकं दोन-दोन दिवस धरतं, म्हणून हे मला लगेच पटलं.

तिनं माझी राख पाण्यात कालवली, गाळली, कागदाची एक पट्टी त्यात बुडवली. पट्टी निळी व्हायला पाहिजे होती. पिवळीच राहिली. रसायनं टाकली, हलवली, अर्धा तास गेला. काही झालं नाही.

"आत्या, ही राख एवढी पांढरी कशी?"

"धुतली ना. तीन पाण्यांनी."

तिनं पट्टी खाली ठेवली. "मले ते पाणीच पाहिजे होतं. राखेतलं कामाचं सगळं पाण्यात उतरते. कुठं हाये ते?"

"मोरीत."

ती रडली नाही. खाली बसली. परीक्षक एक वाजता येणार होते. मी म्हटलं, बसून काय होते, ऊठ, या गावात पऱ्हाटी कोण जाळते ते सांग. शेजारी काम करणाऱ्या तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, बाजारात फुटाण्याची भट्टी आहे.

भट्टीवाले करीमचाचा पऱ्हाटीच जाळत होते. "लोग फुटाने लेने आते हैं," ते म्हणाले, "तुम राख लेने आये?"

"फुटाणेही घेतो. आधी राख द्या. ही पोरगी परीक्षेले बसली हाये."

"राख की परीक्षा?"

"हाव. मी एकदा नापास झाली."

चाचांनी भट्टीतली राख घमेल्यात ओढली. ती धगधगत होती, म्हणून सवयीनं त्यांनी पाण्याची बादली उचलली. मी त्यांचा हात धरला. परक्या माणसाचा हात मी असा कधी धरला नाही. "पाणी नका टाकू, चाचा. एक थेंबही नका टाकू." त्यांनी बादली खाली ठेवली आणि आमच्याकडे पाहून मान हलवली.

गरम घमेलं पाहून एकही ऑटोवाला बसू देईना. बुलडाण्यात ऑटो पाहिजे तर हातात विस्तव घेऊन उभं राहू नये, हे लक्षात ठेवा. गोणपाट गुंडाळून आळीपाळीनं उचलत भर उन्हात पायी आलो. मनीषानं राख निववली, कालवली, गाळली. पट्टी निळी झाली.

परीक्षक आले. आमच्यासारखेच घामानं भिजलेले, बोलायला रोखठोक. त्यांच्यासमोर तिनं दोन्ही रसायनं राखेच्या पाण्यात टाकली. थोड्या वेळात पाणी गढूळ झालं आणि तळाशी पांढरी भुकटी बसायला लागली. साहेबांचं तोंड मात्र काही सांगत नव्हतं.

"काम राखेतल्या विरघळणाऱ्या क्षारानंच होतं कशावरून?" त्यांनी विचारलं. "उरलेल्या मातीनं झालं असेल तर?"

मनीषानं सकाळची माझी पांढरी राख पुढे सरकवली. "सर, ही तीन वेळा धुतलेली. हिच्या पाण्यात काहीच झालं नाही. सकाळचं हे भांडं पाहा."

त्यांनी भांडं उजेडात धरलं. पहिल्यांदा हसले. "ही तुलना मुद्दाम ठेवली होती का?"

मनीषानं माझ्याकडे पाहिलं. दाराशी उभी होती मी, मलाच राहवलं नाही. "मुद्दाम नाई, साहेब. मी धुतली, माह्या अडाणीपणानं."

"छान धुतली," ते म्हणाले आणि वहीवर सही केली.

परत येताना मेहकरहून डोणगावची गाडी धरली. भावाला तोंडावर सांगायचं होतं. तो बांधावर पऱ्हाट्यांच्या ढिगाला काडी लावायच्या बेतात होता. म्हटलं, तुही पोरगी पास झाली, पुढंही शिकीन म्हणते आणि ह्या पऱ्हाट्या तिले लागतात. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं आणि मला चहाला घरी चल म्हणाला. ना हो म्हणाला, ना नाही. मी चिडूनच जानेफळला आले.

तर तुम्हीही शहरातल्या पोरांना गावाकडून काही नेणार असाल, तर ते आहे तसंच न्या. आपल्याला काय लाज वाटते ते घरी ठेवा. चाळणी हातात धरायच्या आधी एकदा फोन करून विचारलं असतं, तर माझी दुपार अशी गेली नसती.

रविवारी भावजयीचा फोन आला. म्हणाली, तुमच्या भावानं सकाळीच पऱ्हाटीच्या पाच मोळ्या टिनाखाली रचल्या, पाणी लागू नये म्हणून वरून ताडपत्री टाकली. मग पाहुण्यांना फोन लावला.

"काय सांगतलं त्यानं?" मी विचारलं.

"म्हणे, येऊ नका. पोरगी सध्या कामात हाये."