रिकामा टेम्पो आणि इनइक्वॅलिटी

चाकणच्या एका कंपनीतून मी माल रचायचे जुने लाकडी पॅलेट विकत उचलायचो. घासाघीस करून मिळवलेलं काम. एक दिवस स्टोअरच्या साहेबाने टेम्पो गेटवरच थांबवला. "तुमची माणसं चांगला मालपण उचलतात, असं कळलंय." कोणाकडून कळलं, कोणी पाहिलं, काही नाही. मी आवाज चढवला, तर तेच माझ्याविरुद्ध धरलं. काम गेलं.

त्या रागावर, धंदा सांभाळून, मी कायद्याची पदवी घेतली आणि बँकेच्या विधी अधिकारी परीक्षेची तयारी सुरू केली. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती, आणि रिझनिंगमध्ये माझी दांडी उडत होती.

थेरगावच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी लातूरकडची एक मुलगी बसायची. तिचं रिझनिंग पक्कं, पण पुराव्याच्या कायद्यात अडकायची. जुनी कलमं पाठ, आणि नव्या कायद्यात आकडे बदललेले. आम्ही सौदा केला. मी पुरावा शिकवायचा, तिने इनइक्वॅलिटी, म्हणजे रिझनिंगमधली लहान-मोठ्याची गणितं.

"एका कलमाला चार गणितं," मी म्हणालो.

"दोन. अन् चहा तुमचा."

"तीन. चहा ज्याचा त्याचा."

"दादा, शेवटचा चान्स तुमचा हाय, माझा न्हाई."

चहा माझा ठरला.

पहिलं गणित: क हा ख पेक्षा मोठा, ग हाही ख पेक्षा मोठा. मी ठोकून दिलं, क सगळ्यात मोठा.

"कशावरून?"

"आधी तोंड उघडतो त्याचा भाव चढाच असतो."

ती एवढी हसली की अभ्यासिकेच्या काकांनी दोघांनाही बाहेर काढलं.

तिथलं बरोबर उत्तर होतं 'एकही निष्कर्ष निघत नाही', आणि तो पर्याय मला निवडवतच नसे. रिकामा टेम्पो घेऊन परत आल्यासारखं वाटायचं. मग काहीतरी ठोकायचो आणि सराव परीक्षेत मार्क वजा व्हायचे.

ऐकीव पुराव्याचा धडा मात्र मी जीव ओतून शिकवला. कंपनीचा किस्साच उदाहरण म्हणून सांगितला. "आणि साहेबाचे कान भरले दापोडीच्या दुसऱ्या पॅलेटवाल्याने. माझ्यामागून काम त्यालाच मिळालं."

"तुमी बघितलं?"

"नाही. पण सगळ्यांना माहीत आहे."

"म्हंजे तुमालाबी कळलंय." ती शांतपणे म्हणाली. "साहेब त्याच्यापेक्षा मोठा, तुमच्यापेक्षाबी मोठा. त्यावरून तुमा दोघांचं काय ठरतंय, दादा?"

मी पुस्तक आपटून बाहेर पडलो. डांगे चौकापर्यंत मनातल्या मनात तिच्याशी भांडत गेलो. येताना दोन चहा घेऊन आलो.

"पुढचं गणित दे."

"आलं घातलंय का?"

"घातलंय. गणित दे."

परीक्षेत तो पर्याय जिथे जिथे बरोबर होता, तिथे दात-ओठ खाऊन निवडला. प्रत्येक वेळी हात आखडत होता. रिझनिंगचा कटऑफ मी जेमतेम ओलांडला, बाकीचं पुराव्याने तारलं. निवड झाली. तिचीही झाली, आणि तिचे मार्क माझ्याहून जास्त. एवढा चहा पाजल्यावर ते व्हायचंच होतं.

राग गेलेला नाही. साहेबावर तर आहेच. त्या रागाला पुरावा आहे, साहेबाचं बोलणं मी स्वतः ऐकलंय. परवा दापोडीत तो पॅलेटवाला समोर आला. "काय भाऊ, बँकेत निघाला म्हणं?" म्हणत त्याने हात वर केला.

मीही केला. अर्धा.