पाटल्या आणि डिंकाचे लाडू

माझं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. आजार आटोक्यात आला, पण वजन वाढत गेलं. औषधं, घरात बसून राहणं आणि तुपातला शिरा, अशी तिन्ही कारणं होती. नातेवाइकांना शेवटचंच दिसत होतं.

त्या संक्रांतीला द्वारका चौकाजवळच्या आमच्या घरी हळदीकुंकू होतं. निफाडची थोरली नणंद आली होती. सासूबाईंनी जाण्याआधी मला दिलेल्या पाटल्या मी घालायला काढल्या. त्यांना पेच नव्हता, पंजावरून सरकवाव्या लागत. अंगठ्याच्या हाडापाशी त्या अडकल्या.

"दुखण्यानं माणूस वाळतं," नणंद सगळ्यांसमोर म्हणाली. "हिला कॅन्सर लय मानवला!"

बायका हसल्या. नणंदेने पाटल्या उचलून स्वतःच्या हातांत चढवल्या. "तुला बसतील तवा माग."

"मागेनच, ताई," मी म्हटलं. पुन्हा हशा.

डॉक्टर म्हणाले, उपाशी राहू नका, ताकद टिकली पाहिजे. वजन सावकाश उतरू द्या. कामावर परतल्यावर मी वर्तमानपत्रातली रात्रपाळी सोडून दिवसाची मागून घेतली. सकाळी चालायचे, मग भिंतीला धरून हातांचे व्यायाम करायचे. ताटात डाळ, उसळ, पालेभाजी जास्त आणि भाकरी अर्धी. रात्रीचं जेवण संध्याकाळीच. पहिले काही महिने काटा हललाही नाही. चालायचा कंटाळा आला की मला पाटल्या आठवत.

नणंद येतच राहिली. दर वेळी घरचे बेदाणे घातलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा. "खा गं. आता काय राहिलंय तुझं!" मी तोच डबा तिच्यापुढे उघडायचे. पाहुण्याला आग्रह करायची आमच्याकडे पद्धत आहे. ती मी पुरेपूर पाळली. "ताई, हा माझ्यासाठी. आणि हा आईंच्या नावाचा." ती नको नको म्हणत खायची. मी तिच्या पोळीवर पुन्हा तूप घालायचे. यात मला तेव्हा काही गैर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दोन वर्षांनी पुन्हा संक्रांत आली. बायका बहुतेक त्याच होत्या.

"ताई, पाटल्या द्या."

"आगं, त्या आता निघत नाय."

"साबण आहे."

बेसिनपाशी मी तिच्या हातांना फेस लावला आणि ओढलं. दारात बायकांची गर्दी झाली.

"हळू गं मेले, हात तुटंल!"

"बोटं आवळा, ताई."

"ताईंना लाडू लय मानवले," मागून कोणीतरी म्हणालं. तोच हशा, त्याच बायका.

पाटल्या निघाल्या. तिची मनगटं लाल झाली होती. ऑपरेशनच्या बाजूच्या हातात काही घालायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, म्हणून मी दोन्ही धुऊन, पुसून उजव्या हातात सरकवल्या. साबण लागला नाही.

मग नणंदेला पाटावर बसवून ताट वाढलं. लाडू तिनेच आणलेले होते. मी दोन वाढले, पाटल्यांच्या हाताने.

"घ्या ना, ताई."

तिने खाल्ले.