नानांचे नवे डोळे

रंगनाथनाना लोहार म्हणजे आमच्या चांदवडच्या बाजूचा एक नंबरचा हट्टी माणूस. भट्टीला विजेचा पंखा बसवायलाही त्यांनी चार वर्षं घेतली. पण त्यांच्या विळ्याने कांदा कापायला बसलं की हात थांबत नाही, हेही तितकंच खरं. नाना सांडशीत लोखंड धरणार, त्यांची बायको कुसाबाई घण घालणार आणि शेवटी तापलेली धार पाण्यात बुडवून नानाच तिला पाणी देणार. ते बाईमाणसाचं काम नाही, असं नानांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही.

यंदा नानांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. दोन महिन्यांनी भट्टीवर बसले ते नवरदेवाच्या तोऱ्यात. "आता समदं लख्ख दिसतंय," ते येईल त्याला सांगत.

आणि पहिल्याच खेपेचे विळे बिघडले. ऐन कांदाकाढणीत मजूर बायकांची मुकादम ठमाबाई आपल्या टोळीचे बारा विळे घेऊन परत आली. सगळ्यांची धार मुरडलेली. मी तेव्हा खुरपं शेवटायला, म्हणजे ठोकून धार काढून घ्यायला, तिथेच बसले होते.

"नाना, आज नीट करून द्या. नायतर आमी बाजारातले आणू," ती म्हणाली आणि गेली.

चाळीस वर्षांत नानांना असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. मग त्यांनी कोळशाला नावं ठेवली, लोखंडाला ठेवली, शेवटी डॉक्टरलाही सोडलं नाही.

कुसाबाईंनी घण खाली ठेवला. "कोळशाला काय बोलता? नव्या डोळ्यांना जरा तापलं तरी लय लाल दिसतं, म्हून तुमी कच्चंच बुडवता अन् धार मऊ राहती. पाच वर्षं दिसत नव्हतं तवा मी 'हं' म्हणलं की बुडवायचे. आता म्हणता, गप बस, मला दिसतंय."

नानांनी एक विळा पुन्हा भट्टीत घातला. जरा लाल होताच त्यांचा हात बाहेर निघाला, पण अर्ध्यातच थांबला. ते बायकोकडे बघत राहिले. कुसाबाईंना काही घाई नव्हती.

"हं," त्या म्हणाल्या. विळा पाण्यात गेला आणि चर्र झालं.

संध्याकाळी ठमाबाईने अंगठ्यावर धार पाहिली. "आता कसं! पाणी कुणी दिलं, नाना?"

"पाच वर्षं जी देत आली, तिनंच," नाना म्हणाले.