तात्यांनी न जोडलेला रेडिओ

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, तेव्हा कुणाबद्दल काही लिहिण्याचा हा आगाऊपणा माफ व्हावा. पण रघुनाथतात्यांना आमच्या सोनईत जे ऐकून घ्यावं लागलं, त्यावर गप्प राहणं आता मला जमत नाही.

तात्या रेडिओ दुरुस्त करत. मूळचे शिंगणापूरचे, जिथं घरांना दारंच नसतात, म्हणून सोनईतल्या दुकानालाही त्यांनी दार लावलं नव्हतं; नुसता गोणपाटाचा पडदा. गिऱ्हाईक समोर बसल्याशिवाय ते एक स्क्रूसुद्धा काढत नसत. "तुमचा जिन्नस हाय, तुमच्या डोळ्यांदेखत उघडनार," असं म्हणून पांढऱ्या फडक्यावर एकेक भाग मांडत. कुणी घाई केली तर म्हणत, "बसा वो. रेडिओ कुठं पळत न्हाई, तुमीच पळताय."

गावातले बडे बागाईतदार बापूसाहेब यांच्या जुन्या विलायती पिकअपमध्ये कंपनीनंच बसवून दिलेला व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो बंद पडला, म्हणून त्यांनी मुंबईहून नवा ट्रान्झिस्टरचा आणला. मी तेव्हा दुकानातच बसलो होतो; सोबतचा इंग्रजी कागद तात्यांनी मला वाचायला दिला. मी अडखळत अर्थ सांगितला : बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं असेल, तरच हा रेडिओ लावावा. तात्यांनी बॉनेट उघडून पाहिलं. त्या गाडीत नेमकं उलटं होतं. धन टोक बॉडीला.

"बापूसाहेब, आधी बॅटरी फिरवावी लागंल. डायनॅमोचं बी बघावं लागंल. उद्या सांजंपत्तुर गाडी ठिवा."

"उद्या सकाळी जावई येनार हाय. रेडिओ बसवायला बी मुहूर्त काढतो काय रे?"

"जळंल वो. मी न्हाई जोडनार."

बापूसाहेबांनी रेडिओ उचलला आणि घरी ड्रायव्हरकडून जोडून घेतला. बटण फिरवताच धूर निघाला. तासाभरात ते परत दुकानापुढे हजर!

"नव्या रेडिओतला माल काढून घेतला ह्यानं! भंगार भरून दिलं!"

बाजारचा दिवस होता, माणसं गोळा झाली. त्यांतल्या निम्म्यांचे रेडिओ तात्यांनी त्यांच्यासमोर उघडले होते. एकानंही तोंड उघडलं नाही. तात्या माझ्याकडे वळले. "बाळ, कागद तू वाचला. सांग ह्यांना काय लिवलंय."

बापूसाहेबही वळले. "काय रे, वसतिगृहाच्या अर्जावर माझी सही पायजे न्हवं तुला?"

मी म्हणालो, "मला इंग्रजी नीट कळत न्हाई."

तात्या एवढंच म्हणाले, "असू दे. शीक अजून."

अर्जावर सही झाली. बापूसाहेबांचा मला संताप येतो, त्या गर्दीचाही येतो. पण त्या गर्दीला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. त्यानंतर तात्यांकडे कुणी रेडिओ आणीना. दिवाळीआधीच ते दुकान आवरून पुणतांब्याला लेकीकडे गेले. तिथे जाऊन त्यांची माफी मागायची, असं मी दर सुट्टीत ठरवत होतो.

काल धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तात्या वारले, त्याला महिना झाला. सोनईत शोकसभा झाली. अध्यक्ष बापूसाहेब होते. असा प्रामाणिक कारागीर पुन्हा होणे नाही, असं ते म्हणाले आणि मग सगळे दोन मिनिटं गप्प उभे राहिले.