नूपुरचं जुनं कॅलेंडर

कोलकात्यातल्या आमच्या बालीगंजच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर नूपुर राहायची. नवरा सलील बँकेत अधिकारी, त्यामुळे दर काही वर्षांनी बदली ठरलेली. भोपाळला ती शाळेत शिकवायची, गुवाहाटीला एका ऑफिसात होती. सामानाचा ट्रक निघाला की तिची नोकरी संपली. साहेबाची बदली करताना त्याच्या बायकोलाही काम असतं हे कुणाच्या डोक्यात कसं येत नाही, याचा मला अजून राग येतो.

म्हणून कोलकात्यात तिने, आधीच्या गावांत हळूहळू शिकलेलं वेबसाइटचं काम हट्टाने धरलं. जवळच्या एका फिजिओथेरपी दवाखान्यासाठी ती ॲप बनवत होती. पेशंटने तारीख निवडायची, थेरपिस्टला त्याचं घर नकाशावर दिसायचं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना पसंत पडलं, तर पुढची देखभाल कायम तिच्याकडे, आणि ती कुठल्याही गावात बसून करता येणार होती. नेमकी तेव्हाच सलीलची विशाखापट्टणमला बदली झाली.

आता तिचा स्वभाव सांगते. बदलीवाल्या घरात काही टाकवत नाही. तिच्याकडे दोन मिक्सर होते आणि इथल्या एकाही खिडकीला न बसणारे तीन गावांचे पडदे. मी चिडवलं की म्हणायची, "असू दे हो मंगलाताई, पुढच्या गावी लागेल." ॲपमध्येही तोच संसार. तयार कोडच्या गठ्ठ्याला ही मंडळी लायब्ररी म्हणतात. तिच्या कॅलेंडरची लायब्ररी भोपाळची, नकाशाची गुवाहाटीची.

ॲप दाखवायच्या दिवशी तिने मला धीराला नेलं. नकाशा झकास उघडला. मग डॉक्टरीणबाईंनी तारखेवर बोट ठेवलं, पुन्हा ठेवलं.

"तारिखटा तो निच्चे ना!" म्हणजे तारीख घेतच नाहीये. त्यांनी शनिवारी परत बोलावलं.

दोष दुसऱ्या दिवशी सापडला. कॅलेंडर आणि नकाशा दोन्ही जेक्वेरी नावाच्या लायब्ररीवर चालायचे, आणि तिने दोघांची जेक्वेरी जपून ठेवली होती. एक जुनी, एक नवी. मागून येणारी नवी पहिलीची जागा घ्यायची, आणि जुनीला जोडलेलं कॅलेंडर बंद पडायचं.

"मग जुनी काढून टाक की," मी म्हटलं.

"काढली तर हे कॅलेंडर नवीवर चालत नाही, बघितलं मी. दुसरं घ्यावं लागेल." तिचे डोळे भरून आले. "शाळा सुटली तेव्हा रडत रडत पहिल्यांदा हेच शिकले होते, ताई."

मी तिच्याच स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. कप घेऊन आले तेव्हा स्क्रीनवरून कॅलेंडर गेलेलं होतं आणि ती नवं बसवत होती.

शनिवारी तारीख पहिल्याच बोटाला लागली. "एइ तो, होए गेछे!" झालं की, म्हणत डॉक्टरीणबाईंनी काम तिला देऊन टाकलं.

निघायच्या दिवशी दुसरा मिक्सर माझ्याकडे आला, पडदे मोलकरणीने नेले. सामान चढवणाऱ्याने लॅपटॉपची बॅग उचलून विचारलं, "बौदि, एटाओ तुलबो?" वहिनी, हीपण चढवू का? तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

ट्रक गेला. ती जिन्याच्या पायरीवर बसून दवाखान्याची दुर्गापूजेची सुट्टी कॅलेंडरात घालू लागली. टॅक्सी आली म्हणून सलीलने खालून हाक मारली, मग दुसरी मारली. मला मात्र तिला तशी बसलेली बघून रडूच कोसळलं.

"पाच मिनिटं थांब," तिने वरूनच सांगितलं. "मी कामावर आहे."