डोस्कं मागून येतं

हुसेनचाचा दारू पितात, असं मी म्हणालो होतो. एकाच माणसाजवळ, एकदाच, आणि तेही हलक्या आवाजात. तेवढं पुरलं.

आखाडा बाळापूरच्या बाजारपेठेत चाचांचं शिवणाचं दुकान होतं आणि त्याच्या समोर सरकारी दवाखाना. मी तिथे कंपाउंडर होतो. औषधं तयार करायला टेबलाशी उभा राहिलो की खिडकीतून चाचा दिसत. त्यांची एक सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. उठायचं झालं की ते सुईखालचं कापड आधी काढून घेत आणि पायांनी मशीन रिकामीच चालवत. खटखट, खटखट, बराच वेळ. मग दोन्ही हात फळीवर टेकून अर्धे उठत, तसेच वाकून थांबत आणि शेवटी भिंत धरून ताठ होत. गिऱ्हाईक खोळंबून जाई.

"चाचा, उठून राहिले का मोट ओढून राहिले?" कुणीतरी टोमणा मारी.

"मी आधी उठतो रे, माझं डोस्कं मागून येतं," चाचा म्हणत. "दोघांची गाठ पडू दे, मंग तुझं माप घेतो."

पायांची तऱ्हा आणखी निराळी. बाहेर गेले की एक चप्पल रस्त्यात गळून पडे आणि ते एकाच चपलेने परत येत. एकदा इस्त्रीतला निखारा पावलावर पडला. करपल्याचा वास आला, तेव्हा त्यांनी आधी गिऱ्हाइकाचा सदरा उलटापालटा करून पाहिला. त्या जखमेला पट्टी मीच बांधत असे. "दुखतं का?" असं विचारलं, तर हसले.

"हे पाय माझे न्हाईत, कंपोंडर. मशीनचे हायेत. मी निस्त्या चपला घालतो त्यायला."

लघवीला मुंग्या लागतात, हेही त्यांनी मला सांगितलं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी दवाखान्यातला माणूस होतो.

त्यांची मुलगी हलीमा. काजं आणि बटणं ती दुकानामागच्या घरातूनच करून देई. लढाईचे दिवस होते, कापड मिळत नव्हतं, तरी तिच्या लग्नासाठी चाचांनी हिरव्या साटिणीचा एक तुकडा जपून ठेवला होता. कळमनुरीची सोयरीक जवळजवळ ठरली होती. एके दिवशी मुलाचे वडील आणि मामा न कळवताच दुकानाच्या दारात उभे राहिले. होणारा व्याही दारात आला आणि आपण बसून राहिलो, तर तो अपमान. उठून गळाभेट घ्यायलाच हवी. चाचा सकाळपासून मशीनवर बसले होते. ती रिकामी न चालवता ते तसेच झटकन उठले. मी खिडकीतून पाहत होतो. दोन पावलं टाकली, चेहरा पांढराफटक झाला आणि ते व्याह्याच्या अंगावर कोसळले. जमिनीवर आडवे होताच लगेच सावध झाले. "काही न्हाई, काही न्हाई," म्हणू लागले. पण पाहुण्यांचे चेहरे उतरले होते.

थोड्या वेळाने मुलाचे वडील दवाखान्यात आले. खोकल्याचं औषध मागितलं, बाटली हातात घेतली आणि तिथेच रेंगाळले.

"कंपोंडरसाब, तुमी रोज समोर असता. लेकराच्या जिंदगीचा सवाल हाय. खरं सांगा, पिऊन राहिले का हे?"

डॉक्टर दौऱ्यावर होते. 'मला माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण पांढरा कोट अंगात असला की ते तीन शब्द माझ्या तोंडून निघत नसत. मी म्हणालो, "घेतात थोडी. सकाळीसुद्धा झोकांड्या जातात."

आठ दिवसांत सोयरीक मोडल्याचा निरोप आला. पिणाऱ्याच्या घरची मुलगी नको, म्हणे. चाचा भिंत धरत धरत दवाखान्यात आले. "कंपोंडर, उभ्या जन्मात शिंदीला तोंड लावलं न्हाई मी. कोन बोललं असंल रे? काहून बोललं असंल?"

मी बाटलीवर चिठ्ठी डकवत राहिलो.

त्यानंतर मला त्या टेबलाशी स्थिर उभं राहता येईना. टेबल खिडकीपासून हलवलं, पण रिकाम्या मशीनची खटखट ऐकूच येई. मी मागच्या गल्लीतून घरी जाऊ लागलो. जेवताना मध्येच उठून अंगणात फेऱ्या मारी. कबूल करण्याची वाक्यं रोज जुळवी आणि रोज मोडी.

पुढच्या वर्षी नवे डॉक्टर आले. त्यांच्यापाशी रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र होतं. चाचांच्या पायाची जखम पुन्हा चिघळली होती. डॉक्टरांनी लघवी तपासली, तर साखर निघाली. तळव्याला टाचणी टोचली, चाचांना कळलं नाही. मग त्यांना निजवून दंडाला पट्टा बांधला आणि दाब पाहिला. नंतर उभं करून पुन्हा पाहिला. मी चाचांना काखेत धरलं होतं. उभं राहिल्यावर दाब इतका उतरला की डॉक्टरांनी त्यांना घाईघाईने परत निजवलं.

"साखरेने पायांच्या जाणिवेच्या नसा मेल्या," डॉक्टर म्हणाले. "उभं राहिलं की रक्त वर ढकलायचं कामही अशाच नसांचं. त्या दुबळ्या झाल्या, म्हणून रक्त पायांत उतरतं आणि डोक्याला पुरत नाही."

"म्हंजे डोस्कं मागून येतं, हे बराबर?"

"अगदी बराबर. पण उठण्याआधी पाय चालवायचे, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"पडण्यानं," चाचा म्हणाले. मग निजल्या निजल्याच त्यांनी माझा हात धरला. "ऐकलं का कंपोंडर? आता तूच सांग लोकायला. तू दवाखान्यातला. तुझं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी मी कळमनुरी गाठली. मुलाचं लग्न होऊन गेलं होतं. सगळं ऐकून त्याचे वडील इतकंच म्हणाले, "आता सांगून काय करता, साब?"

तिथून थेट चाचांच्या दुकानात आलो आणि उभ्यानेच सांगून टाकलं. चाचांनी सुईखालचं कापड काढलं. किती तरी वेळ मशीन रिकामी चालत राहिली. मला वाटलं, ते उठतील आणि मला मारतील. मारायला हवं होतं. ते उठले नाहीत.

"मला काहून सांगतो?" ते म्हणाले. "मी तर पडतच होतो. इज्जत तिची गेली." मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक मारली, "हलीमा, पडद्यापाशी ये."

पडद्याखाली फक्त तिची पावलं दिसत होती. त्या पावलांकडे पाहत मी म्हणालो, "हलीमाबी, तुमचे अब्बा पीत नव्हते. पितात, असं मी सांगितलं. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही म्हणायची मला लाज वाटली. मला माफ करा."